कोण जिंकलं?

त्या रविवारी मी घरमालकीणबाईंच्या घरात धावतच शिरलो, कारण आतून शिव्या ऐकू येत होत्या. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती आणि मी रत्नागिरीच्या कॉलेजात नवा नवा लागलो होतो. सुधाताईंच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बाई एकट्या राहतात एवढंच ठाऊक होतं. चोरच शिरला असं वाटलं. बघतो तर सुधाताई टीव्हीसमोर उभ्या. हाताला तेल लावलेलं, खाली अर्धा कापलेला फणस, आणि पडद्यावर परदेशातल्या मोटारी भणाणत चाललेल्या.

"घूस की शिंच्या! जागा दिसत नाही तुला?"

मी दारातच थबकलो.

"तू नव्हे रे. तो, निळ्या गाडीतला. बस तू."

सुधाताई बांधकाम खात्यात टायपिस्ट होत्या. रिटायर झाल्या तरी तिथले साहेब त्यांना बाजारात पाहिलं की रस्ता बदलत. "राग आला की बोलून टाकावं," त्या म्हणायच्या, "पोटात ठेवला तर मला जेवण जात नाही." एक मुलगा, समीर, मुंबईत इंजिनिअर. केबल त्यानेच घेऊन दिली, मोटारींची शर्यत कशी बघायची तेही त्यानेच शिकवलं. शर्यत संपली की त्याचा फोन यायचा. टायर कुणी कधी बदलले, पावसात कोण घसरला, यावर मायलेक तावातावाने भांडायचे. एरवी मात्र तो फोन वाजत नसे.

मग एका रविवारी तो निळ्या गाडीतला, सुधाताईंचा लाडका, सुरुवातीपासून पुढे होता. शेवटच्या वळणाला त्याने वेग कमी केला आणि आपल्याच संघातल्या दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं. संघाच्या मालकांनी तसं कळवलं होतं म्हणे. सुधाताई ओरडल्या नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली.

फोन आला. "आई, संघाचा निर्णय असतो तो. शेवटी धंदाच आहे."

"धंदा आहे ना? मग दुकान म्हणा! शर्यत कशाला म्हणता?"

पुढचे काही रविवार टीव्ही चालू असायचा आणि त्या खाली मान घालून तांदूळ निवडत बसायच्या. एकदा कंटाळून त्यांनी चॅनल बदलला, तर मोटारसायकलींची शर्यत लागलेली. चारपाच जण गुडघे जमिनीला घासत एकमेकांच्या अंगावरून चालले होते, आणि शेवटच्या फेरीपर्यंत कोण पुढे येईल याचा पत्ता नव्हता. आणखी शोधल्यावर जंगलातल्या, चिखलातल्या शर्यती सापडल्या. मला वाटलं बाई खूश होतील. त्या तर भडकल्या.

"इतकी वर्षं मिरवणूक बघत होते मी! एकामागे एक, एकामागे एक! आणि घसा फोडून ओरडत होते, मूर्खासारखी!"

समीरला त्यांनी हे उत्साहाने सांगितलं. "मोटारसायकली? आई, ते काय बघतेस!" तो हसला. नंतर तो मोटारींच्या शर्यतीबद्दल बोलायला फोन करायचा आणि त्या म्हणायच्या, "मी नाही पाहिली." मग तो, "बरं, ठेवतो."

एकदा मी समोर असताना त्यांनी विचारलंच. "समीर, ही शर्यत नसती तर तू मला फोन केला असतास का रे?"

"असं काय बोलतेस, आई?"

"विचारतेय. उत्तर दे."

पलीकडून फोन ठेवला गेला. नंतर कित्येक रविवार फोनही आला नाही. मला त्या माणसाचा इतका संताप आला, की त्याचा नंबर फिरवून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. सुधाताईंनी अडवलं. "माझं भांडण आहे. तू मधे पडू नकोस."

त्याच पावसाळ्यात चिपळूणला पोरांनी पडीक मळ्यात मोटारसायकलींची चिखलातली शर्यत ठेवली. सुधाताई कुणालाही न सांगता सकाळच्या एसटीने एकट्या गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा लुगड्याला कमरेपर्यंत लाल चिखल, आवाज पार बसलेला. मी चहा करून नेला, तेवढ्यात फोन वाजला. समीरच होता, खूप दिवसांनी.

"आज चिपळूणला गेले होते," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "शर्यत बघायला. खरी, समोर!"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "वेड लागलंय का तुला? या वयात? पडली असतीस म्हणजे? लोक काय म्हणतील?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "ठेवते" म्हणून रिसीव्हर असा आपटला, की कपातला चहा हिंदकळला.

"एवढं बोलला," त्या म्हणाल्या, "पण कोण जिंकलं, ते विचारलं नाही त्याने."

डोळे भरले होते, पण ते रागाने की कशाने, ते मला ओळखता आलं नाही. मी म्हटलं, "ताई, कोण जिंकलं?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"दया म्हणून विचारत असशील तर चालता हो. ऐकायचं असेल तर खुर्ची ओढ."

मी खुर्ची ओढली.