सातव्या मजल्यावरचं तटस्थ बंदर

अल मजाज वस्तीतल्या आमच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर एक काका राहतात. शिपिंग एजन्सीत क्लार्क आहेत आणि ब्रिटिश अमलातल्या बंदरांचे जुने नियम वाचणं हा त्यांचा एकमेव छंद. बोलायच्या आधी घड्याळ बघतात. लिफ्टमध्ये भेटले तरी ऐकवतात, "दुसऱ्यांच्या लढाईतलं आरमार आपल्या बंदरात आलं, तर मुक्काम चोवीस तास. कोळसा त्यांच्या देशाच्या सर्वांत जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढाच. खलास."

परवा बायकोशी कडाक्याचं भांडण झालं आणि मी बॅग घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी घड्याळ बघितलं आणि काही न विचारता गादी घातली. चूक कुणाची, हे मी जेवताना तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा त्यांनी आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी बरोबर मी आलो त्याच वेळेला माझे बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले दिसले.

निघताना त्यांनी अर्धा कप चहा पुढे केला.

"काका, अर्धाच?"

"तुमचं घर चौथ्या मजल्यावर. तिथपर्यंत पुरेल. जास्त दिला तर लढायला बळ येतं."

खाली बायकोनं दार उघडलं. मी चहाचं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मागच्या भांडणानंतर मी गेले होते त्यांच्याकडे तक्रार घेऊन. मलाही अर्धाच दिला होता."

मग तिनं दोन कप भरून चहा केला. तो पिऊन आम्ही पुन्हा भांडायला बसलो.