अंगठ्याला लागणारी अक्षरं

नगरच्या एमआयडीसीतल्या एका दुकानात मी त्यांना एकदाच पाहिलं. आयुष्यभर भांड्यांवर हातानं नावं कोरणारे ते गृहस्थ लेझर मशीन निवडायला आले होते. विक्रेत्यानं दोन मशिनांवर एकेक तांब्या कोरून दिला. त्यांनी डोळे मिटून अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“काका, असं काय वाचताय?” विक्रेत्यानं विचारलं.

“गावजेवनात भांडी मिसळत्यात. वाचता न येनाऱ्या बाया हातानं आपलं भांडं वळखत्यात.”

“आता कोण अडाणी राहिलंय?”

“माझी आई हाय.”

विक्रेत्यानंही दोन्ही तांब्यांवरून अंगठा फिरवून पाहिला.

वेगवान मशीनची अक्षरं देखणी होती, पण अंगठ्याला लागत नव्हती. दुसरं मशीन खोल कोरायचं आणि फार वेळ घ्यायचं.

“गिऱ्हाईक थांबंल,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं बांधायला सांगितलं.