साहेबाच्या गावातली जागा

“मला या वाळूत पुरलंस तर भूत होऊन तुझ्या मानेवर बसेन!” आखातातल्या फरवानियाच्या इस्पितळात आमचा म्हातारा इंग्रज साहेब खाटेवरून असा ओरडला, की खाली रस्त्यावरच्या बसगाड्या थांबल्या म्हणतात. म्हणतो मीच, पण म्हणतात. मी त्याचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा. त्याला मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून त्याचं गाव त्याने माझ्याच कानात ओतलेलं: सातशे वर्षांचं दगडी चर्च, ओढ्यावरची बंद पडलेली पाणचक्की, आणि चर्चच्या आवारातलं ते काळंभोर झाड, ज्याच्या मुळांत त्याच्या आज्यापणज्यांची हाडं. बढाईत मी हरणारा नव्हे. आमच्या गावच्या विहिरीत मी मगरी सोडल्या होत्या. “खोटारड्या,” तो हसायचा, “मला मात्र त्या झाडाखाली ने.” “नेतो साहेब, खांद्यावर टाकून नेतो,” मी म्हणायचो. त्यात काय अवघड? आमच्याकडे उभा जन्म आखातात काढलेला माणूसही गावचाच असतो, कबरस्तान त्याला नाही म्हणत नाही. खाटेवरून ओरडला त्याच दुपारी तो गेला. बाहेर धुळीने आभाळ लाल झालेलं, आणि ओल्या गवताच्या गोष्टी सांगणारं त्याचं तोंड तसंच उघडं. मी त्याच्या गावच्या चर्चला फोन लावला, त्या झाडाखाली पुरायला जागा द्या म्हणून मोडक्या इंग्रजीत विनवण्या केल्या. त्या फोनपासून आजही कुणी माझं गाव विचारलं की माझी जीभ क्षणभर अडते. पलीकडच्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते इथे राहत नव्हते. जागा इथे राहणाऱ्यांनाच मिळते.”