देवराईतली घरटी

कोल्हापुरात कॉलेजवर मी जीवशास्त्र शिकवायची. बेट जितकं लहान आणि मोठ्या भूमीपासून जितकं लांब, तितक्या तिथल्या जीवजाती कमी, हे दर वर्षी फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढून सांगायची.

गारगोटीकडच्या आमच्या गावी धाकटा भाऊ शेती बघायचा. शेताला लागून देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हा गावचा नेम. भावानं तो जिवापाड पाळला. नव्वदच्या दशकात उपशाचं पाणी आलं, तसा त्यानं राईपासून डोंगरापर्यंतच्या ओढ्याकाठची जांभळं-उंबरं तोडून थेट डोंगरापर्यंत ऊस लावला. ती झाडं देवाची नव्हती, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही.

काही वर्षांनी दिवाळीत गेले, तेव्हा राईत धनेश दिसेनात, पाखरांचा कालवा नाही. "सुनं सुनं वाटतंय रे," म्हटलं, तर भाऊ उखडला.

"आक्का, वर बघ की. शेकरांचं गाव वसलंय वर."

खरंच, शेंड्याशेंड्यांत काटक्यापानांची मोठाली घरटी होती. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. झाडावरून झाडावर जाणारी, जमिनीवर सहसा न उतरणारी. मला हायसं वाटलं. आम्ही बघत बसलो.

एक शेकरू आलं. शेपूट अर्धं तुटलेलं. एका घरट्यात शिरलं, निघालं, पुढच्या झाडावरच्या घरट्यात शिरलं. मग त्याच्या पुढच्या. सकाळ सरली, तरी अर्ध्या शेपटाचंच फिरत होतं.

"बाकीची कुठं गेल्यात?" भाऊ म्हणाला.

एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, हे मी स्वतः शिकवलेलं होतं. वर गाव नव्हतंच. एकटा जीव घरामागून घर बांधत सुटला होता.

ते कडेच्या झाडावर आलं आणि डोंगरावरच्या रानाकडं तोंड करून ओरडू लागलं. मध्ये नुसता ऊस, उडी घ्यायला एक फांदी नाही. समुद्र हिरवाही असतो, हे मला तेव्हा कळलं.

"देवाचं पानबी तोडलं न्हाय मी," भाऊ एवढंच बोलला. त्याचा चेहरा बघवेना.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं उसाच्या चार सऱ्या मोडून डोंगरापर्यंत जांभळाची रोपं लावली. रोपं गुडघ्याएवढी. वर अर्ध्या शेपटाचं ओरडत होतं.

"ही मोठी होईस्तोवर ते जगतंय व्हय, आक्का?"

जांभळाला तेवढं व्हायला किती वर्षं लागतात, हे मला ठाऊक होतं; मी खाली वाकून एका रोपाच्या बुंध्याशी माती दाबली.