दांडी कुठे बसवली?

“तुमचं उदाहरण तुमच्याच प्रमेयाच्या अटीत बसत नाही,” असं म्हणून बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी प्रबंध मिटला. माझी विद्यार्थिनी वैशाली मान खाली घालून उभी होती. मुदतवाढ शेवटची. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर वरवट बकाल गावच्या शाळेत शिकवत केलेलं सहा वर्षांचं पीएच.डी.चं काम पाण्यात जाणार होतं. घाम मात्र मला फुटला, कारण गाइड मी.

विषय ऐकायला भयंकर, पण चित्र सोपं आहे. दोन भिंतींमधली दांडी ओझ्याने किती वाकेल, याचं समीकरण चौथ्या ऑर्डरचं असतं, म्हणजे त्यात चार वेळा केलेलं डिफरन्सिएशन येतं. ओझंच वाकण्यानुसार बदलत असेल तर ते सहजी सुटत नाही. मग आम्ही आधी एवढंच सिद्ध करतो की उत्तर आहे. विहिरीला पाणी आहे का ते आधी, किती हात ते मागून. त्यासाठी ओझं फार वेगाने वाढून चालत नाही, त्याला एक मर्यादा असते. वैशालीचं उदाहरण ती ओलांडत होतं.

डिपार्टमेंटमध्ये आल्यावर मी विचारलं, “दांडीची टोकं कशी धरली तू?”

तिने दोन जाड पुस्तकांवर फुटपट्टी ठेवली. “अशी, सर. भितीवर बसली हाय.”

“वरतं काऊन ठेवली? भितीत गाडली पायजे ना!”

“तुमीच तं फोनवर म्हनलं होतं सर, दोन्हीकडं भितीले बसवली हाय म्हनून. मंग मी बसवली.”

म्हणालो होतो खरा. माझं ‘बसवणं’ म्हणजे पक्कं रोवणं, तिचं म्हणजे नुसतं वर ठेवणं. त्यात तिचा उदाहरणाचा अध्याय न वाचताच मी सही ठोकली होती. मला लाज वाटली आणि मी तिला तसं सांगितलं.

“जाऊ द्या सर,” ती म्हणाली. “पन गाडली तं कमी वाकंन ना?”

पोरीने नेमकं धरलं. सारखं पसरलेलं ओझं असेल, तर गाडलेली दांडी पाचपट कमी वाकते. म्हणजे ओझ्याच्या वाढीची मर्यादाही पाचपट वाढली. तिचं उदाहरण आरामात आत आलं. नऊ दिवसांत तिने सगळं नव्याने मांडलं.

तज्ज्ञांनी वाचून विचारलं, “हे आधीच का नाही केलं?”

“चूक माझी,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

वैशाली आता डॉक्टर आहे. गावातल्या एका आजीने तिला गुडघाही दाखवला. मी मात्र फोनवर गणित सांगत नाही, आणि सही करायच्या आधी अध्याय वाचतो.