निकेश सायबांचा होकार

निकेश ठाकूरला मी वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावरून बघत आलोय. आदर वाटावा असं त्याच्यात एकही कारण मला अजून सापडलेलं नाही. कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं आमचं पेणचं ऑफिस, आणि निकेश तिथला सुपरवायझर. रोह्याहून येतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालतो आणि तोंडावर कुणालाच नाही म्हणत नाही. रजा मागायला आलेल्याला त्याचं एकच उत्तर, "व्हय, दिली समज."

माणूस बाहेर पडला की हा कॉम्प्युटरवर बसणाऱ्या क्लार्क वैशालीकडे वळायचा. "वैशाली गो, नामंजूर कर."

सगळं ऑफिस तिच्याच लॉगिनवर चालायचं, कारण बाकीचे आपापले पासवर्ड विसरून बसलेले. त्यामुळे कामगाराच्या मोबाइलवर नकार यायचा तो तिच्या नावाने. घरी जाताना जोह्याच्या एसटीत कामगारांच्या बायका तिला टोमणे मारायच्या. एकदा निकेशने तिच्या लॉगिनवरून भलत्याच माणसांचे गेटपास काढले. मालकांनी तंबी दिली ती तिला. आणखी एक चूक झाली की घरी बसायचं. निकेश शेजारी उभा राहून मान डोलावत होता. थू असल्या सायबीवर!

यंदा मालकांनी सिंगल साइन-ऑन आणलं. ज्याचा त्याचा एकच पासवर्ड, वर मोबाइलवर येणारा नंबर टाकायचा, की हजेरी, रजा, गेटपास सगळं उघडतं. रजा मंजूर करायचा अधिकार आता एकट्या निकेशच्या लॉगिनला. जो पासवर्ड दुसऱ्याला देईल त्याची नोकरी जाईल, असं मालकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं.

मला वाटलं, आता तरी हा सुधारेल. कसलं काय! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. दुसऱ्याच दिवशी त्याने पासवर्ड सांगितला आणि ज्यावर त्याचा नंबर यायचा तो ऑफिसचा मोबाइल वैशालीपुढे ठेवला. "मी बोलेन तसं दाबत जा."

गौरीच्या रजेसाठी रांग लागली. निकेश एकेकाला "व्हय, दिली समज" म्हणत गेला आणि कुणाची नामंजूर करायची ते वैशालीला न सांगताच घरच्या गौरीसाठी रोह्याला पळाला. वैशालीने तो बोलला तसंच केलं. ज्याला ज्याला व्हय म्हटलं होतं, त्या प्रत्येकाची रजा मंजूर.

कारखान्यात शिफ्टला माणसंच नाहीत म्हटल्यावर कंपनीने मालकांना फैलावर घेतलं. सण आटोपून निकेश आला, तर मालक त्याच्याच टेबलाशी उभे.

"एवढ्या रजा कुणी दिल्या?"

निकेशचं बोट सवयीने वैशालीकडे गेलं.

मालकांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हितं तुझं नाव हाय. तुझा पासवर्ड हिच्याकडं कसा आला?"

बोट खाली आलं. खरं बोललं तर नोकरी जाणार, खोटं बोललं तर नुसत्या शिव्या. त्याने शिव्या पत्करल्या.

"मीच दिल्या सायेब. सण व्हता ना."

वैशालीची नोकरी वाचली ती अशी, याच्या भेकडपणामुळे. त्याच्या चांगुलपणाची वाट बघितली असती, तर बिचारी कधीच घरी बसली असती.

दुपारी रजा मिळालेला कासू गावचा कामगार कान्हू गौरीच्या नैवेद्याचे लाडू घेऊन आला. "सायेब, तुम्ही हाव म्हणून सण झाला. या बाईनं कधी कुणाला रजा दिली नाय."

वैशाली तिथंच बसली होती. निकेश म्हणाला, "जाऊ दे रे, बाईमाणूस हाय," आणि लाडू तोंडात टाकला.