चिमट्यांना टांगलेले बोंबील

माझ्या एक लाडक्या लेखिका आहेत. गोष्टी त्याच लिहितात, चित्रंही त्याच काढतात. त्यांच्या पुस्तकांत भलंमोठं काही घडत नाही. एखादं पोर डबा विसरतं, एखादी म्हैस वर्गात शिरते, आणि पुस्तक मिटल्यावर कुणी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोललं की माझं डोकंच फिरतं. नवरा म्हणतो, "माहेरच्या माणसांसाठीसुद्धा तू एवढी भांडत नाहीस." खरंच आहे ते.

हर्णेजवळच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिची आई मासळी सुकवून विकते. पोरीला अक्षरं यायची, पण वाच म्हटलं की ओठ घट्ट. वर्ष संपत आलं होतं, आणि ही न वाचताच तिसरीत जाणार म्हणून माझ्या जिवाला घोर लागला होता.

तेवढ्यात माझ्या त्या लेखिकाबाईंचं नवं पुस्तक आलं, तेही समुद्रावरचं. म्हटलं, आता बघतेच कशी वाचत नाही ते. बोंबील सुकवणाऱ्या बाईचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते बराच वेळ पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"बाई, हे खोटं हाय. बोंबील असे नाय सुकवत."

चित्रात दोरीवर बोंबील चिमट्यांनी टांगले होते, आपण कपडे वाळत घालतो तसे. मी भडकले. "एवढ्या मोठ्या लेखिकेला कळत नाही आणि तुला कळतं होय?" त्यानंतर दोन दिवस तिने कुठल्याच पुस्तकाला हात लावला नाही.

आता मी मूळची हेदवीची, म्हणजे समुद्रकाठचीच. पण आमच्या घरात मासळी येत नाही, बोंबील मी फक्त नाकाने ओळखते. तरी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. शाळा सुटल्यावर नाकाला पदर लावून तिच्या आईच्या मासळी सुकवायच्या मांडवापाशी गेले.

मायलेकी कामातच होत्या. पोरीने दोन बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ना चिमटा, ना दोरा. "दातांत दात बसतात, बाई. मग वाऱ्याने पडत नाय." वर्षभरात वर्गात ती एका दमात एवढं बोलली नव्हती. मला माझीच लाज वाटली. "माझं चुकलं गो," मी तिथेच म्हटलं. तिने नुसती मान हलवली.

मग लेखिकाबाईंना पत्र लिहायला बसले. इतकी वर्षं मनात घोळवलेलं पहिलं पत्र, आणि ते चूक दाखवायला. तरी पोरीचं नाव घालून सगळं लिहिलं, मांडवाचा फोटो जोडला आणि पाठवलं. तीन आठवडे उत्तर नाही. त्या रागावल्या अशीच माझी समजूत झाली.

एक दिवस शाळेत पाकीट आलं. वर नाव माझं नव्हतं, पोरीचं होतं. खोटं कशाला बोलू, जरा लागलंच मला. आत पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं, दोरीवर जोडी-जोडीने बोंबील. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर. मी वाचायला हात पुढे केला, तर तिने कागद छातीशी धरला. मग बाकावर बसून, अक्षरांखाली बोट सरकवत, ती स्वतःच वाचू लागली.

"मा-झी चू-क झा-ली. मी बोंबील खाल्ले होते, सुकवताना पाहिले नव्हते. आता बरोबर आहे का? तू सांगितलंस तरच छापायला देईन."

पुरी पाच मिनिटं लागली. मी मध्ये एक शब्दही सांगितला नाही, पदर मात्र डोळ्यांना लावला.

वाचून झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली, माझं लाल पेन उचललं आणि चित्राखाली बरोबरची खूण केली.

"बाई, आता ते पुस्तक द्या," ती म्हणाली. "बाकीचं पण तपासते."